तिसऱ्या घंटेच्या आधी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाटकाला जायचं ठरलं की घरात दोन प्रश्न निघतात. तिकिटं मिळाली का, हा पहिला. आणि जेवायचं कधी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर नाटकांच्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. दुसरा बहुधा स्वयंपाकघरातला म्हणून त्यांनी सोडून दिला असावा. मला मात्र वाटतं, एखाद्या शहरात नाटक नेमकं कोणासाठी होत होतं हे समजून घ्यायचं असेल, तर तिथली माणसं पडदा वर जाण्याआधी कुठे बसून काय खात होती, हे जरूर विचारावं. आज मी ते लंडनपुरतं विचारणार आहे. उत्तर थोडं लांबून येतं, वाटेत इटलीलाही जाऊन येतं, आणि एका पिझ्झाच्या बशीपाशी पोचतं.

१९९० च्या दशकात नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं लंडनला होतो. वेस्ट एंड हा तिथला नाट्यगृहांचा भाग. संध्याकाळचे साडेपाच वाजले की त्या भागातल्या पिझ्झाच्या रेस्तराँमधून एक ठराविक दृश्य दिसे. दोघं-तिघं टेबलाशी बसलेली, खुर्चीच्या पाठीवर कोट, पाण्याच्या ग्लासाशेजारी तिकिटांचं पाकीट आणि दर दहा मिनिटांनी मनगटाकडे जाणारी नजर. सात-सव्वासातला सगळं रेस्तराँ एकदम रिकामं होई, कारण साडेसातला बहुतेक नाटकं सुरू होत. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली दिसायची, की ती पूर्वापार चालत आली असावी असं वाटे. प्रत्यक्षात ती फार जुनी नाही. तिच्या आधीची साडेतीनशे वर्षं लंडनकर जेवण आणि नाटक यांची सांगड घालण्याच्या खटपटीत होते.

शेक्सपिअरच्या काळात हा पेच नव्हता. नाटक दुपारी दोनच्या सुमारास, उघड्या आभाळाखाली, उजेडात होई. लोक घरून जेवून येत आणि नाटक चालू असताना वर आणखी खात. १९८९ साली टेम्सच्या दक्षिण काठावर ‘रोझ’ या एलिझाबेथकालीन नाट्यगृहाचे अवशेष उघडे पडले, तेव्हा तिथल्या मातीत कालवांचे शिंपले, फळांच्या बिया आणि कवचीच्या फळांची टरफलं सापडली. पुढे शतकाच्या उत्तरार्धात सॅम्युअल पेपिस हा सरकारी अधिकारी रोजनिशी लिहीत असे. १६६० ते १६६९ या वर्षांची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. हा गृहस्थ दुपारी जेवायचा आणि उठून नाटकाला जायचा. नाट्यगृहात संत्री विकणाऱ्या मुली फिरत. त्यांच्यातलीच नेल ग्विन पुढे नटी झाली आणि नंतर राजाची मर्जीतली. तो विषय वेगळा आहे.

अठराव्या शतकात जेवणाची वेळ पुढे पुढे सरकू लागली. उशिरा जेवणं हे श्रीमंतीचं लक्षण झालं, कारण उशिरा जेवायचं तर मेणबत्त्या जाळाव्या लागत आणि त्या सगळ्यांना परवडत नसत. नाटकही सहाच्या आसपास गेलं. पण दुकानातला नोकर, कचेरीतला कारकून सहाला मोकळा कुठे होता? त्याच्यासाठी एक सोय होती. तिसरा अंक संपल्यावर येणाऱ्याला निम्म्या पैशांत आत सोडत. १७६३ साली ड्रुरी लेन आणि कव्हेंट गार्डन या दोन्ही नाट्यगृहांच्या मालकांनी ही सवलत काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर प्रेक्षकांनी दंगल केली आणि आतल्या सामानाची मोडतोड केली. इतिहासाच्या पुस्तकांत ही तिकीटदराची दंगल म्हणून येते. मला ती वेळेची दंगल वाटते. ज्याची संध्याकाळ दुसऱ्याच्या घड्याळावर सुरू होते, त्यानं नाटक बघायचं की नाही, असा तो तंटा होता.

एकोणिसाव्या शतकात शहर पसरलं आणि हा पेच अधिक घट्ट झाला. १८१७ मध्ये ड्रुरी लेनला गॅसचे दिवे आले. १८६३ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. १८८१ साली ‘सॅव्हॉय’ या नाट्यगृहात विजेचे दिवे लागले. नाटकाची वेळ आठपर्यंत गेली, कारण श्रीमंतांना आधी सावकाश जेवायचं असे. नाटकानंतर पुन्हा हलकं जेवण. सॅव्हॉय नाट्यगृहाचा मालक रिचर्ड डॉयली कार्ट यानं ही भूक ओळखली आणि १८८९ मध्ये शेजारीच सॅव्हॉय हॉटेल काढलं. थोड्याच काळात व्यवस्थेला सेझार रिट्झ आणि मुदपाकखान्यात एस्कॉफिए अशी जोडी त्यानं आणली. नाटक सुटल्यावर हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या बायका नवऱ्यांबरोबर तिथे जेवायला येऊ लागल्या. प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीनं चारचौघांत बसून जेवणं हे लंडनला नवीन होतं.

पण उपनगरात राहणाऱ्या कारकुनाला शेवटची गाडी पकडायची असे. कचेरी सुटायची सहाला, घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नाही, आणि नाटकानंतर खायला थांबलं तर गाडी चुकणार. मधल्या दीड-दोन तासांत त्यानं करायचं काय? गुत्त्यात बायकोला नेता येत नसे. मोठ्या हॉटेलात जाण्याची ऐपत नसे आणि तसे कपडेही नसत. एकट्या बाईची तर आणखी पंचाईत. तिला बसून चार घास खाता येतील अशी अब्रूदार जागाच जवळजवळ नव्हती.

ही कोंडी आधी चहाच्या दुकानांनी फोडली. एरेटेड ब्रेड कंपनी नावाच्या पावाच्या कंपनीनं १८६४ मध्ये चहाचं पहिलं दुकान काढलं. १८९४ मध्ये पिकॅडिलीला ‘लायन्स’चं पहिलं चहागृह आलं आणि १९०९ मध्ये त्यांचं कव्हेंट्री स्ट्रीटवरचं प्रचंड ‘कॉर्नर हाउस’. एकावर एक मजले, वाद्यवृंद, स्वच्छ टेबलक्लॉथ, आणि भाव कारकुनाला झेपतील असे. टंकलेखिका, शिक्षिका, दुकानात काम करणाऱ्या मुली तिथे एकट्यानं जाऊन बसत आणि कोणी वळून बघत नसे. लंडनच्या इतिहासात या चहागृहांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, अशी माझी तक्रार आहे.

मग महायुद्ध. सप्टेंबर १९३९ मध्ये नाट्यगृहं काही काळ बंदच झाली. उघडल्यावर बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं खेळ दिवसाउजेडी होऊ लागले. १९४२ मध्ये सरकारनं नियम केला की रेस्तराँतल्या जेवणाला पाच शिलिंगांपेक्षा जास्त घेता येणार नाही. तो १९५० पर्यंत टिकला. शिधावाटप पुरतं संपायला जुलै १९५४ उजाडला. तोपर्यंत एक पिढी अशी वाढली होती की जिला बाहेर जाऊन चवीनं खाणं म्हणजे काय हे जवळजवळ ठाऊकच नव्हतं.

सोहो ही वेस्ट एंडमधलीच वस्ती. नाट्यगृहांच्या पाठीला पाठ लावून असलेल्या अरुंद गल्ल्या, आणि त्यांत फ्रेंच, इटालियन, ज्यू, सायप्रसचे लोक. १९५३ मध्ये फ्रिथ स्ट्रीटवर ‘मोका बार’ उघडला, तेव्हा जिना लोलोब्रिजिडा ही नटी उद्घाटनाला आली होती. त्या बारचं आकर्षण एकच, वाफेच्या दाबावर कॉफी काढणारं इटालियन यंत्र. तरुण मुलं एक कप कॉफीवर तास तास बसत. १९५९ मध्ये रोमिली स्ट्रीटवर मारिओ आणि फ्रँको या दोघा वेटरांनी ‘ला त्रात्तोरिया तेराझ्झा’ काढलं. ते नामांकित झालं, पण तिथे जायला खिसा जड लागे. कॉफी आणि हे महाग जेवण यांच्या मधली जागा अजून रिकामीच होती. ती भरायला पिझ्झा आला, म्हणून आता थोडं नेपल्सला जाऊ.

नेपल्समध्ये पिझ्झा हे घरी चूल नसलेल्यांचं खाणं होतं. पहाटे कामावर निघालेले हमाल, कोळी, गल्लीतली पोरं रस्त्यात उभ्या उभ्या खात. डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन फेरीवाले तो विकत. तुकडा केवढा, ते खिशातल्या नाण्यावर ठरे. अलेक्झांडर द्यूमा या फ्रेंच कादंबरीकारानं नेपल्सच्या प्रवासावर १८४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात त्यानं लिहिलं आहे की तेल, चीज, टोमॅटो, मासळी यांतलं काय स्वस्त आणि काय महाग, हे पिझ्झाच्या भावावरून कळतं. ‘आठचा पिझ्झा’ म्हणूनही एक प्रकार त्यानं नोंदवला आणि त्याचा अर्थ आठ दिवसांचा शिळा असा लावला. नेपल्सचे लोक सांगतात तो अर्थ निराळा आहे. आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या. उधारीचा पिझ्झा! व्हित्तोरिओ दे सिकाच्या १९५४ च्या ‘नेपल्सचं सोनं’ या चित्रपटात हाच उधारीचा पिझ्झा विकणारी सोफिया लॉरेन आहे. १८८९ मध्ये मार्गेरिता राणीनं पिझ्झा खाल्ला आणि तिचं नाव त्याला पडलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिचा पुरावा म्हणून दाखवलं जाणारं पत्र खरं आहे का, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. माझ्या दृष्टीनं राणीपेक्षा उधारीवाला महत्त्वाचा. बसायला जागा आणि द्यायला पैसे दोन्ही नसलेल्या माणसासाठी हा पदार्थ तयार झाला. लंडनला तो आला तेव्हा त्याला खुर्ची-टेबल मिळालं. सगळी गंमत त्या खुर्ची-टेबलात आहे.

आणणाऱ्याचं नाव पीटर बॉइझॉट. १९२९ साली पीटरबरो या गावी जन्मलेला हा माणूस लहानपणापासून शाकाहारी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा मुलाच्या पानात उकडलेल्या भाज्यांपलीकडे काय पडत असेल, याची कल्पना करा. तरुणपणी तो इटलीत तोस्कानाच्या किनाऱ्यावर एका कुटुंबाकडे कामाला राहिला आणि तिथे त्यानं पिझ्झा खाल्ला. पुढे बरीच वर्षं युरोपात भटकून तो परतला. लंडनमध्ये मनासारखा पिझ्झा कुठे मिळेना. तेव्हा नेपल्सहून भट्टी मागवून मार्च १९६५ मध्ये सोहोच्या वॉर्डर स्ट्रीटवर त्यानं ‘पिझ्झा एक्स्प्रेस’ उघडलं. सुरुवातीला कापलेले तुकडे कागदावर ठेवून देत. धंदा काही उठेना. मग गोल पिझ्झा, चिनी मातीची बशी, खरा काटा-सुरी असा थाट आला आणि गिऱ्हाईक टेकू लागलं. एन्झो अपिचेल्ला या नेपल्सच्याच व्यंगचित्रकारानं १९६७ मध्ये ब्रिटिश म्युझियमजवळ कॉप्टिक स्ट्रीटवरची शाखा सजवली. ती इमारत पूर्वी दुग्धालयाची होती, आणि दुधाच्या धंद्याच्या जुन्या खुणा तिच्या अंगावर तशाच होत्या. उजेड भरपूर, टेबलं संगमरवरी, भट्टी समोर दिसणारी. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर शाफ्ट्सबरी थिएटर आहे. नाटकांवरची सरकारी सेन्सॉरशिप उठल्यावर लगेच, सप्टेंबर १९६८ मध्ये, ‘हेअर’ हे गाजलेलं संगीत नाटक तिथेच आलं. ते बघायला आलेल्या लांब केसांच्या मुलांना टाय लावल्याशिवाय आत न सोडणारी हॉटेलं त्या भागात अजून होती. पिझ्झावाल्याला टायचं सोयरसुतक नव्हतं.

नाटकाआधीच्या वेळेला पिझ्झाच इतका का मानवला, हे समजून घ्यायचं तर आपल्या उडप्याचा डोसा डोळ्यांपुढे आणावा. सगळी मेहनत आधीच झालेली असते. पीठ मळून, फुगवून, गोळे करून ठेवलेले, सॉस तयार, भट्टी दुपारपासून तापलेली. नेपल्सच्या कडक भट्टीत पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत होतो, लंडनमध्ये काही मिनिटं लागत. म्हणजे सव्वासहाला आलेलं माणूस पावणेसातला बिल मागू शकतं. सूप, मग मुख्य पदार्थ, मग गोड असा क्रम पाळायचं बंधन नाही. एकानं एक, दुसऱ्यानं दुसरं मागवलं तरी एकदमच येतं. मालकाच्याही सोयीचं, कारण साडेपाचला भरलेलं टेबल सव्वासातला हमखास मोकळं होतं आणि रात्रीच्या गिऱ्हाइकाला पुन्हा देता येतं. शिवाय भाव कार्डावर छापलेला, फार वर-खाली न होणारा. बिल किती येणार याचा अंदाज बसण्याआधीच करता येतो. ज्यानं तिकिटावर आधीच पैसे घातले आहेत, त्याला या एका गोष्टीचा केवढा आधार वाटतो, हे मी पाहिलं आहे.

१९९४ मध्ये माझी आत्या पुण्याहून लंडनला आली होती. कडक शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आठवडाभर तिनं बाहेर चहा आणि सुका पाव यांवर काढला होता आणि पिशवीत दशम्या होत्याच. ‘द माऊसट्रॅप’ची तिकिटं काढली होती. १९५२ पासून चाललेलं नाटक एकदा बघायचंच, हा तिचा हट्ट. नाटकाआधी मी तिला पिझ्झा खायला नेलं. तिनं कार्ड हातात घेतलं आणि आधी उजवीकडची बाजू, म्हणजे किमतींची, वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाली, “एवढं ठीक आहे रे. पण याच्यात अंडं नाही ना?”

“नाही गं आत्या. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ.”

तिनं ‘व्हेनेझियाना’ मागवला. कांदा, ऑलिव्ह, केपर, चिलगोज्यासारख्या बिया आणि वर बेदाणे. “पोळीवर कांदा आणि बेदाणे! तुझ्या आजीनं हाकलून दिलं असतं,” असं म्हणत तिनं काटा-सुरी उचलली. नोव्हेंबर १९६६ मध्ये व्हेनिस पाण्याखाली गेलं, तेव्हापासून ते शहर वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये निधी जमवत होते. या पिझ्झामागे काही पेन्स त्या निधीला जात. ही कल्पना बॉइझॉटचीच, १९७० च्या दशकातली. पुढे ही रक्कम दहा लाख पौंडांच्या वर गेली. आत्याला मी हे सांगितलं. “म्हणजे जीर्णोद्धाराला,” ती म्हणाली, आणि शेवटचा तुकडाही संपवला. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर इंग्रज बाई एकटीच बसली होती. तिचंही तिकीट बशीशेजारी होतं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

चहागृहांनी जे काम केलं होतं तेच हे होतं. ‘कॉर्नर हाउसं’ १९७० च्या दशकात एकेक करून मिटली. एकट्या बाईला, विद्यार्थ्याला, परदेशी पाहुण्याला, मांस न खाणाऱ्याला, संकोच न वाटता दोन तास काढता येतील अशी बसायची जागा त्यानंतर पिझ्झाच्या रेस्तराँनी दिली. बॉइझॉटला जॅझचं वेड होतं. १९७० च्या दशकापासून डीन स्ट्रीटच्या शाखेच्या तळघरात मोठे मोठे वादक वाजवत. तिथे तर पिझ्झा आणि संध्याकाळचा कार्यक्रम एकाच छपराखाली आले.

१९६५ हे साल मराठी प्रेक्षकाच्याही ओळखीचं आहे. त्याच वर्षी दादरला श्री शिवाजी मंदिर सुरू झालं. आपल्याकडे संगीत नाटकं रात्र रात्र चालत तेव्हा लोक घरून जेवून येत. मुंबईच्या लोकल गाड्यांनी आणि कचेऱ्यांनी नाटक आखूड केलं, तसा मध्यंतराचा बटाटेवडा आला. तो उभ्यानं, गर्दीत, नाट्यगृहाच्या आवारातच खायचा. या बाबतीत आपण शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला जवळचे, आणि वड्याला मी कमी लेखत नाही. पण आमच्या आत्याच्या पिढीतल्या बायकांना नाटकाआधी बाहेर निवांत बसून जेवणं पुण्यात कितीदा मिळालं, असं मी तिला विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं नाही. कोट चढवला आणि घड्याळ दाखवलं.

पुढची कथा धंद्याची आहे, ती थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि शाखा भराभर वाढल्या. मालक बदलत गेले. २०१४ मध्ये चिनी गुंतवणूकदारांनी ती ९० कोटी पौंडांना घेतली. व्यवहारासाठी काढलेलं कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं. ज्या धंद्याचा सगळा भर पाच-दहा पौंडांच्या साध्या बशीवर, त्याच्यावर असलं ओझं टाकणं मला कधीच शहाणपणाचं वाटलं नाही. बॉइझॉट डिसेंबर २०१८ मध्ये गेला. १६ मार्च २०२० ला करोनाच्या साथीमुळे वेस्ट एंडची नाट्यगृहं बंद झाली, आणि साडेपाच ते सव्वासातचं गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं झालं. त्या वर्षी कंपनीनं सत्तरच्या वर शाखा बंद केल्या. त्यांत वॉर्डर स्ट्रीटवरची ती पहिली जागाही होती.

१७ मे २०२१ ला इंग्लंडमध्ये नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. रेस्तराँना आत टेबलं मांडण्याची परवानगीही त्याच दिवशी, त्याच आदेशानं मिळाली. त्या दिवशी सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये ‘द माऊसट्रॅप’चा पडदा चौदा महिन्यांनी वर गेला. प्रेक्षक खुर्च्या सोडून सोडून, तोंडावर मुखपट्ट्या लावून बसले होते.